सासूबाईंचा पलंग सरकवला तेव्हा

माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! वय सांगा, मी स्वभाव सांगतो. विशीतला? रोज नवं हवं. साठीपुढचा? चमचासुद्धा जागचा हलवू देणार नाही. इतकं सोपं आहे!

म्हणून बायकोने नव्या फ्लॅटचा विषय काढला, तेव्हा मी हुकमाचा पत्ता टाकला. तिच्या ऑफिसजवळचं घर, लिफ्ट, दोन बाल्कन्या. तिचा जीव अडकला होता त्यात, आणि एजंटला संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"अगं, माझं काय, मी आत्ता निघतो!" मी म्हणालो. "पण तुझी आई? एक्याऐंशीची बाई! घर बदललं तर हाय खाईल."

"मी विचारते तिला."

"विचारतेस काय? दाखवतोच तुला!"

सासूबाई फिरायला गेल्या होत्या. मी त्यांच्या खोलीत घुसलो. पलंग खिडकीखाली, कपाट दाराआड, आरसा समोरच्या भिंतीवर! कंबर बोंबलत होती, पण चेष्टेसाठी मी कंबरसुद्धा गहाण टाकतो. आता म्हातारी घर डोक्यावर घेणार, बायको घाबरणार, फ्लॅट रद्द! मी हॉलमध्ये माझ्या खुर्चीत, तोंडासमोर पेपर धरून, कान टवकारून बसलो.

सासूबाई आल्या. खोलीत गेल्या. आणि एकदम,

"अगं बाई गं!"

मी बायकोला डोळा मारला.

"कोणी केलं हे?"

"मी, आई," मी चेहरा पाडून म्हणालो. "चुकलंच जरा..."

"चुकलं कसलं! त्या एकाच भिंतीकडे बघून डोळे विटले होते माझे. जावईबापू, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा कामाला आलात!"

माझ्या लक्षातच नव्हतं. ही बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ह्याची वायर उपटून त्याला जोडायची, हाच उभ्या जन्माचा धंदा!

"आता थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "हॉल घ्या!"

सोफा टीव्हीच्या जागी, टीव्ही जेवणाच्या टेबलाजवळ. ओढणार कोण? मीच, बैलासारखा!

एवढ्यात चिरंजीव उगवले. वय बावीस. फोन तर असा बदलतो की जणू मोजेच! मोबाइलमध्ये मुंडी घालून आला आणि सवयीने सोफ्यावर अंग टाकलं. सोफा तिथे नव्हता. फरशी होती.

"आई गं! माझा सोफा कुठाय? माझा कोपरा? माझा प्लग?"

"समोरच्या भिंतीला आहे की प्लग," आजी म्हणाली.

"मला तोच हवाय! न विचारता असं कसं करता तुम्ही लोक?"

डोळ्यांत पाणी! दाढी आलेल्या घोड्याच्या!

"हे तर काहीच नाही," बायकोने संधी साधली. "आपण घरच बदलायचं म्हणतोय."

"नवं घर?" सासूबाई गर्रकन वळल्या. "आणि मला कोणी बोललं नाही?"

"हे म्हणाले, तू हाय खाशील."

"खाल्लीच असती, नंतर कळलं असतं तर! किल्ली कधी मिळतेय?"

"पण आई, तुमचं वय..." मी चाचरलो. तोवर त्यांनी माझी खुर्ची धरली.

"ही बाल्कनीत."

"खुर्चीला हात लावायचा नाही!"

मी असा ओरडलो, की शेजारीण दार उघडून बाहेर आली. घरातले तिघंही माझ्याकडे बघत राहिले.

"नाही म्हणजे... इथून टीव्ही सरळ दिसतो," मी म्हणालो.

"मान तिरकी करा," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने शांतपणे एजंटला फोन लावला. "घर पक्कं हो! छे, आईची काहीच हरकत नाही. दुसरा एक म्हातारा आहे घरात, त्याला आणू सांभाळून."

आता नव्या घरात आहोत. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मजल्यावरच्या बायकांचा पत्त्यांचा अड्डा जमवला. पोरगाही कुरकुरत का होईना, रुळला.

आणि मी? मीही रुळलो की! फक्त परवा ऑफिसमधून येताना चुकून पाय जुन्या घराकडे वळले. एखाद्या वेळी होतं असं! दार उघडंच होतं. बूट काढले, पेपर उचलला आणि आत हाक दिली, "अगं, चहा टाक!"

आतून तिथली नवी भाडेकरीण कप घेऊन आली.

"काका, आज साखर बरोबर आहे ना?" ती म्हणाली. "काल कमी झाली म्हणालात."