कप्तानांचा अंधारा नकाशा

"उघडा नकाशा लेच्यापेच्यांसाठी असतो," कप्तान दार्सोनो म्हणाले.

सुराबायाच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटी हाकून निवृत्त झालेला हा माणूस मेहुणीच्या, लास्त्रीच्या, कॉफीच्या टपरीवर तिच्याशीच लॅपटॉपवरचा युद्धाचा खेळ मांडत होता. एकच लॅपटॉप, पाळीपाळीने चाल, ज्याची राजधानी पडेल तो हरला. एकाची चाल असली की दुसऱ्याने पाठ फिरवायची, असा तिथला रिवाज.

"दाजी, एकदा पाहिलेला मुलूख तरी दिसत राहू द्या," लास्त्री म्हणाली. "तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"मी धुक्यात जहाजं आणलीत. पुढे गेलं की मागचं पुन्हा अंधारात. नगरांना नावं नकोत, फौजांना झेंडे नकोत. आणि चाल चालू असताना कोणी बोलायचं नाही. हरलो तर मिशी काढीन."

ही मिशी साधी नव्हती. लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी तीच दिसायची. बाहेर झाडाखाली दुकान मांडणारा न्हावी मुनीर गिऱ्हाईक अर्धवट सोडून आत आला.

कप्तानांनी दोनच पहारेकरी मागे ठेवून सगळी फौज लास्त्रीची राजधानी शोधायला धाडली. ती काही सापडेना. तेवढ्यात अजान झाली. चाल संपवून ते नमाजाला गेले.

लास्त्रीने आपली चाल सुरू केली, पण गिऱ्हाइकाला केळ्याची भजी हवी होती. ती उठून कढईकडे वळली.

कप्तान परतले. लास्त्रीची पाठ दिसली. पाठ म्हणजे आपली चाल! ते लॅपटॉपसमोर बसले, अंधारात फौज दोन पावलं सरकवली आणि समोर एक नगर उभं राहिलं.

"कप्तान, ते..." मुनीर म्हणाला.

"नियम, मुनीर."



"काय ही तटबंदी! आणि पहारेकरी फक्त दोन!" कप्तान मिशीला पीळ देत म्हणाले. "लास्त्री, तुला राज्य करायची अक्कल नाही."

"भजी जळतील दाजी, थांबा जरा."

त्यांनी हल्ला केला. तट कोसळला, पडद्यावर आतषबाजी झाली आणि खाली अक्षरं उमटली: दार्सोनो पराभूत.

लास्त्री झारा हातात घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग दाजींकडे.

"माझ्या फौजेने तुमची राजधानी घेतली? मी तर भजी तळत होते."

टपरीत इतका हशा उसळला की मुनीरचं अर्धवट राहिलेलं गिऱ्हाईकही धावत आलं. कप्तानांचे कान तापले. पण ते स्वतःच उठले आणि झाडाखालच्या खुर्चीत ताठ बसले.

"एक ध्यानात ठेवा," साबणाच्या फेसातून ते गरजले. "माझी राजधानी लास्त्रीला घेता आली नाही. त्यासाठी मलाच यावं लागलं."

"खरंय, दाजी."

"शुक्रवारी पुन्हा. नकाशा अंधाराच!"

मुनीरने वस्तरा पुसला. "आणि पैजेला काय लावणार, कप्तान?"

कप्तानांचा हात सवयीने ओठावर गेला. तिथे काहीच नव्हतं. मग तो हळूच वर सरकला आणि दोन्ही भुवया चाचपून खाली आला.