दीडपट दाबाची चाचणी

ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचे पंप बसवले, त्याला हृदयाविषयी डॉक्टरांनी काही शिकवावे, हेच पंपसाहेबांना मान्य नव्हते. बायपास म्हणजे काय, तर तुंबलेल्या नळीला वळसा घालून नवी नळी टाकणे. हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षे केले होते, आणि तेही गिऱ्हाइकाला भूल न देता!

आता राहिली होती चालत्या पट्ट्यावरची चाचणी. हृदयाने ताण सोसला, तर गाडीची किल्ली परत मिळणार होती. शस्त्रक्रियेपासून ती पत्नीच्या पर्समध्ये होती. आणि पत्नी गाडी अशी हाकत असे, की पुढे गेलेले सायकलवाले काळजीने मागे वळून बघत.

पंपसाहेब पद्धतशीर गृहस्थ. नवी जोडणी ताब्यात देण्यापूर्वी दीडपट दाबाने तपासायची, हा त्यांचा नियम. म्हणून आदल्या दिवशी, गच्चीवरची टाकी बघून येतो असे सांगून, त्यांनी इमारतीचा जिना गाठला. गच्चीपर्यंत चढले, उतरले, आणि नियम तो नियम म्हणून पुन्हा निम्मा चढले. पोटऱ्यांनी तक्रार केली. पण पंप तपासताना चौथऱ्याकडे कोण बघतो? टाकीला एवढे काय झाले, असे पत्नीने विचारले.

"गळती नाही," ते समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याचा वेग वाढला, चढही वाढला. पोटऱ्यांतली कळ गिळत पंपसाहेब हसतमुखाने चालत राहिले. आलेखात हृदयाने कुठेच कुरकुर केली नाही. पूर्वी ताण आला की हृदयाच्या ज्या भागाला रक्त अपुरे पडे, त्याला आता पुरेसे मिळते आहे, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. गाडी चालवायला हरकत नव्हती. एवढा दम कसा टिकला, असे त्यांनी कौतुकाने विचारले मात्र, पंपसाहेबांनी दीडपटीचा नियम जिन्यासकट ऐकवला.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "काका, तो नियम लोखंडाला. ही नळी तुमच्याच पायातून काढली आहे."

"म्हणजे टाकी बरी आहे," शेजारी बसलेली पत्नी शांतपणे म्हणाली.

तरी किल्ली मिळाली. पंपसाहेब ऐटीत चालकाच्या जागी बसले, आरसा जुळवला, आणि क्लचवर पाय ठेवला. पोटरीत असा गोळा आला, की क्लच जागचा हलेना. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून पाहिला. क्लच तसाच.

पत्नी उतरली आणि गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी आली.

"पंप उत्तम चालतोय हो तुमचा," ती म्हणाली. "आता सरका."