वास कंपनीचाच

माधवीच्या नाकावर घरात कुणाचा विश्वास उरला नव्हता. त्या साथीच्या तापात तिला वास येणं बंद झालं आणि परत सुरू झालं ते जरा वाकडंतिकडं. मधल्या काळात दोनदा डाळ करपली, एकदा उतरलेली भाजी पाहुण्यांच्या ताटात गेली. तेव्हापासून ती वासाबद्दल काही बोलली की तिचा नवरा अनीश नुसतं म्हणायचा, "तुझं नाक गं." विषय तिथंच संपायचा. आता नाक कधीच सुधारलं होतं, पण एकदा नाव गेलेल्या नाकाने ते सिद्ध करायचं कसं?

रविवारी दुपारी ओटा पुसताना तिला वास आला. उग्र, गोडसर, थेट डोक्यात जाणारा.

बदलापुरात वास आला की तो कुठून येतोय हे कुणी शोधत बसत नाही. वास केमिकल कंपनीचाच असतो. वारा उलट दिशेने वाहत असला तरी कंपनीचाच. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी 'आला का?' एवढंच विचारलं आणि पाचेक जणांनी 'आला' म्हणून कळवलं. लगेच सेक्रेटरी धर्मराजकाकांचा संदेश आला : कंपनीने पुन्हा गॅस सोडला आहे, सर्वांनी खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात. धर्मराजकाका पाणीखात्यातून निवृत्त झालेले, माधवीच्या बरोबर खालच्या घरात, चौथ्या मजल्यावर राहणारे. आयुष्यभर पाणी सोडल्यामुळे आणि बंद केल्यामुळे त्यांच्या सूचनांना एक वजन होतं. सगळ्या बिल्डिंगने खिडक्या लावल्या.

दहा मिनिटांत वास दुप्पट झाला. काकांनी फटींना ओले टॉवेल लावायला सांगितलं. वास आणखी वाढला. तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी चामटोलीला मेव्हण्याकडे जायला बॅग भरली, आणि काकांनी कंपनीविरुद्धच्या निवेदनासाठी सह्या मागवल्या.

माधवी मात्र टॉवेल हातात धरून उभी राहिली. खिडक्या बंद, मग वास वाढतोय कुठून? ती खोलीखोलीत नाक वर करून फिरली आणि शेवटी बाथरूममध्ये थांबली. वास डक्टच्या झडपेतून येत होता. कंपनीचा गॅस कितीही आगाऊ असला तरी तो पाइपाच्या आधाराने बाथरूममधून वर चढत नाही. शिवाय हा वास तिच्या ओळखीचा होता.

"अहो, हा रंगाचा वास आहे. आपल्याच बिल्डिंगमधला."

"तुझं नाक गं," अनीश मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "अख्खी बिल्डिंग कंपनी म्हणतेय."

आता तिला अनीशचाच संशय यायला लागला. गेल्या वर्षी त्याने गॅलरीत स्कूटरला स्प्रे मारला होता, आणि त्यावरूनच काकांनी घरात स्प्रे मारायचा नाही असा नियम केला होता. तिने त्याची नखं तपासली. स्वच्छ होती. रविवारी दुपारी या माणसाची नखं इतकी स्वच्छ का, हाही प्रश्नच होता. तिने माळ्यावरचा खोका काढला. रंगाचे जुने डबे जागच्या जागी होते, स्प्रे मारतानाचा मास्क नव्हता.

"मास्क कुठाय?"

"कुठला?"

"तो दोन गोल डब्यांचा. उल्हासनगरहून आणलात तो."

"काकांनी नेलाय. टाकी साफ करायचीय म्हणाले."

"टाकी गेल्याच आठवड्यात झाली."

"मग नीट झाली नसेल," अनीश म्हणाला.

माधवी जिना उतरून काकांच्या दाराशी गेली. तिने बेल दाबली नाही. अशा वासात ठिणगी नको म्हणून तिने कडी वाजवली. दार उघडलं ते तोंडावर दोन गोल डबे, डोळ्यांवर चष्मा आणि मनगटापर्यंत निळे हात असलेल्या माणसाने. निळ्या अंगठ्याने तो ग्रुपवर काहीतरी लिहीत होता.

"बाहेर कशाला आलीस? गॅस सुटलाय," मास्कच्या आतून आवाज आला.

त्याच्या मागे, टॉवेल कोंबलेल्या बंद खिडकीपाशी वर्तमानपत्रावर एक खेळण्याएवढा टँकर वाळत होता. तेलाच्या डब्याची टाकी, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, वर ओला निळा रंग. माधवीने आधी देवघरातला दिवा शांत केला.

"काका, मास्क काढा."

"अगं, गॅस—"

"एकच मिनिट काढा."

काकांनी मास्क काढला. एक श्वास घेतला. मग त्यांना जो खोकला सुटला तो माधवीने सगळ्या खिडक्या उघडून दोघांना गॅलरीत उभं करेपर्यंत थांबला नाही. मास्क इतका चांगला होता की दोन तासांत त्यांना कसलाच वास आला नव्हता. सुरुवातीला त्यांची खिडकी उघडी होती. ग्रुपवर वास आल्याचं वाचलं तशी त्यांनी काळजीने ती लावली, आणि मग सगळ्यांना खिडक्या लावायला सांगितल्या.

"मला वाटलं, मास्क आहे म्हणजे झालं," काका डोळे पुसत म्हणाले.

"मास्क तुमच्या नाकाला आहे, काका. बिल्डिंगला नाही. पुढचा टँकर गच्चीवर रंगवा."

"हो. पण कुणाला सांगू नकोस गं. नियम मीच केलाय. लोक हसतील."

लोक हसले की कसं वाटतं हे माधवीला चांगलं माहीत होतं. ती कबूल झाली, पण एका अटीवर. काकांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी संदेश पाठवला : 'गॅस बंद झाला आहे. खिडक्या उघडाव्यात. सौ. माधवी यांनी सर्वांच्या आधी अचूक वास ओळखला. त्यांच्या नाकाबद्दल सोसायटी आभारी आहे.' खाली हात जोडल्याची सतरा चित्रं आली. माधवीनेच फोन करून कंपनी बंद पाडली, असं रखमाबाईंनी तिसऱ्या मजल्यावर जाहीर केलं.

ती घरी आली तेव्हा अनीश दुधाचं पातेलं घेऊन दारातच उभा होता. "जरा बघ ना, नासलंय का?"

किती वर्षांनी कुणीतरी तिला असं विचारत होतं. माधवीने पातेल्यावर वाकून सावकाश वास घेतला.

"दूध चांगलंय," ती म्हणाली. मग थोडं पुढे वाकून तिने त्याच्या शर्टाचा वास घेतला. "पण सिगरेट तर तुम्ही दिवाळीतच सोडली होतीत ना?"

अनीशने नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. माधवीच्या हातातल्या मोबाइलवर अठरावे हात जोडले गेले. त्याने तोंड मिटलं आणि आत जाऊन चहा ठेवला.