परक्या माणसाचे काम

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता हवालदारांनी दाढी केली, खाकी गणवेश खुंटीलाच राहू दिला आणि चौकड्यांचा शर्ट चढवला. डाव्या खिशात बिस्किटांचा पुडा ठेवला. मग आरशासमोर उभे राहून ते दोनदा हसले. एकदा दात न दाखवता, एकदा दाखवून. दुसरे हसू जरा जास्तच गोड वाटल्याने त्यांनी पहिलेच कायम केले.

"आज कुणाची पोरं पळवणार?" चहाचा कप पुढे करत बायकोने विचारले.

"टेकडीवरची शाळा. दुसरी अ आणि ब."

"साठ पोरं. दमाल हो."

पोलीस ठाण्यातर्फे दर मंगळवारी एका शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचा वर्ग होई. फौजदारबाई नियम समजावून सांगत आणि हवालदार परका माणूस होत. पुडा पुढे करून "तुझ्या आईनं पाठवलंय मला, चल" असे म्हणणे, हे त्यांचे काम. मुलाने 'नाही' म्हणायचे, मागे सरायचे आणि ओरडत शिक्षकांकडे पळायचे. वर्ग संपला की हवालदार तोच पुडा सगळ्यांना वाटून टाकत. त्यामुळे नऊ वर्षांत ते साऱ्या मुलांचे बिस्कीटकाका झाले होते. पोलीस दिसला की माणसे रस्ता बदलतात, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा अनुभव होता. मुले मात्र रस्ता ओलांडून त्यांच्याकडे येत, आणि तेही दोन्ही बाजूंना बघून.

ठाण्यात पोचताच फौजदारबाईंनी त्यांच्या हातात स्पीकरची पेटी दिली.

"हवालदार, आजपासून हे तुम्ही सांभाळा. परका माणूस आपला नवा शिपाई होईल."

"माझं काही चुकलं का मॅडम?"

"चुकलं नाही हो. पण तुम्हाला सगळी पोरं ओळखतात. मागच्या वेळी तुम्ही वाक्य विसरलात, तर एका पोरानं मागून सांगितलं."

नवा शिपाई चोवीस वर्षांचा होता. आवाज मऊ, हसला की गालाला खळी. "दादा, मला काही सांगायचंय का?" त्याने अदबीने विचारले.

"खळी पाडू नकोस," हवालदार म्हणाले. "गुन्हेगाराला खळी नसते."

दुसरी 'अ'मध्ये शिपायाने पुडा हातातही धरला नाही. तो दारातच गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "आई फाटकाशी बसलीय रे. पाय मुरगळलाय तिचा. येतोस?" एकामागून एक चार मुले उठून त्याच्याबरोबर गेली. फौजदारबाईंनी त्यांना परत आणून पुन्हा समजावले आणि शिपायाची पाठ थोपटली. "कुठं कमी पडतोय ते आज कळलं."

कोपऱ्यात वायर गुंडाळणाऱ्या हवालदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांत त्यांच्याबरोबर एकही मूल आले नव्हते, आणि या खळीवाल्याबरोबर पहिल्याच दिवशी चार गेली.

मधली सुट्टी संपली तरी फौजदारबाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत होत्या आणि शिपायाभोवती शिक्षिकांचा घोळका होता. हवालदार पेटी ठेवून दुसरी 'ब'मध्ये शिरले. अख्खा वर्ग आनंदाने उभा राहिला.

"चला, गाडी दाखवतो," ते म्हणाले.

"पोलिसांची?"

"हो. जोडीनं, हात धरून."

एकतीस मुले शिस्तीत निघाली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकून फाटक उघडले. हवालदारांनी हात दाखवून दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. पोस्टाच्या कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी मुले मोजली आणि त्यांची छाती फुगली. तिकडे चार, इकडे एकतीस.

शाळेत वर्गशिक्षिकेला रिकामे बाक दिसले. मुख्याध्यापिकांनी धोक्याची घंटा वाजवली, त्यामुळे उरलेले सगळे वर्ग मैदानात धावले आणि त्या गर्दीत दुसरी 'ब' शोधणे अशक्यच झाले. फौजदारबाईंनी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"शाळेत पोलीस हजर आहेत का?" पलीकडून विचारणा झाली.

"आहेत."

"मग मुलं गेली कशी?"

"तेच तर विचारतेय मी."

पाच मिनिटांत गस्तीची गाडी भोंगा वाजवत आली आणि पोस्टाच्या कोपऱ्यावर, मुलांच्या अगदी पुढ्यात थांबली. काकांनी कबूल केलेली गाडी आली म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मागोमाग फौजदारबाई आणि शिपाई धापा टाकत पोचले.

"मॅडम, एकतीस," हवालदार म्हणाले. पण बाईंचा चेहरा पाहताच त्यांचा आवाज खाली आला.

बाई पहिल्या जोडीतल्या मुलीसमोर बसल्या. "टीचरना विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"परक्या माणसाबरोबर जायचं नसतं," मुलीने त्यांना समजावून सांगितले. "हे तर आपले काका आहेत."

"आणि काकांनी खूप लांब नेलं असतं तर?"

मुलीने हवालदारांचे बोट आणखी घट्ट धरले. "गेलो असतो."

त्या बोटातून काहीतरी थंडगार हवालदारांच्या खांद्यापर्यंत चढले. परत येताना वाहने थांबवण्याचे काम शिपायाने केले.

"अहवालात काय लिहू मी?" संध्याकाळी फौजदारबाईंनी विचारले.

"घडलं ते लिहा. आणि मला उद्याची रजा द्या."

शिपाई दारापर्यंत आला. "दादा, मी येऊ का बरोबर?"

"नको. हे काम तुला जमायचं नाही. तुला कोण ओळखतं?"

दुसऱ्या दिवशी ते दुसरी 'ब'मध्ये उभे राहिले, तेव्हा वर्गशिक्षिका दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

"मी 'चला' म्हणालो, तर काय करायचं?"

"जायचं," वर्ग म्हणाला.

"नाही. आधी टीचरना विचारायचं, घरी विचारायचं. मी असलो तरी."

"तुम्ही वाईट आहात का?" मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले.

"नाही. पण ते तुला कसं कळणार?"

हवालदार पहिल्या बाकाशी गेले आणि कालच्या मुलीपुढे त्यांनी हात केला. "चल."

तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग ती "नाही" म्हणाली, मागे सरली आणि शिक्षिकेकडे पळाली.

"असंच," हवालदार म्हणाले. मग त्यांनी पुढच्या मुलापुढे हात केला.