पहिला पाट आणि मखमलीच्या पेट्या

जुन्या काळची मोजमापाची बारीक हत्यारं असतात ना, मखमल लावलेल्या लाकडी पेट्यांतली, त्यांतलं कुठलं हत्यार कुठल्या पेटीतलं हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो म्हणजे मी, चिटगुप्प्याचा माणिकप्पा सायकलवाला. (त्या हत्यारांची नावं मला आजही येत नाहीत. पण म्हातारं होण्यात एक फायदा असतो, विचारणारे उरत नाहीत.)

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीत मी असा रमलो की मास्तर बदलून गेले, मी तिथंच. तेव्हा शिकलेल्या माणसाची जिरवायची म्हटलं की मला अंगात बळ येतं.

गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या अधिक महिन्यातली. अधिक महिना म्हणजे आम्हा जावयांचा हंगाम. सासरे बोलावतात, सासू ओवाळते, पुरण भरून उकडलेले धोंडे पानात पडतात. माझी सासुरवाडी कमलनगरची आणि मी तिथला थोरला जावई. म्हणजे पहिला पाट माझा, पहिला धोंडा माझा, तुपाची पहिली धारही माझीच. पण माझा धाकटा साडू काशप्पा शहाबादेकडं एका कारखान्यात फोरमन झाला. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं. (एक लिहायला, एक दाखवायला.) झालं! मागच्या अधिकात सासऱ्यांनी, भीमण्णांनी, भरल्या पंगतीत त्याला पहिल्या पाटावर बसवलं आणि मला दुसऱ्या, दाराच्या तोंडाशी. धोंडा गार, तूप थिजलेलं. बायको, महानंदा, परतताना अख्ख्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही. महानंदा बोलली नाही म्हणजे केवढं लागलं असेल, तुम्हीच बघा.

ह्या खेपेला मी ठरवूनच निघालो, पाट परत घ्यायचा. कसा, तेवढं ठरवायचं राहिलं होतं.

गेलो तर ओसरीवर एक ट्रंक उघडी. कुठल्याशा बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या लिलावात सासऱ्यांनी घेतलेली. आत चकचकीत हत्यारं एकीकडं आणि रिकाम्या पेट्या एकीकडं, नुसता काला. सगळं नीट लावून मठाच्या शाळेला भेट द्यायचं होतं, पण कशात काय ठेवावं हे घरात कुणाला कळेना.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामा, ह्यात काय अवघड हाय? मी पेटी बघूनच सांगतो."

काशप्पा हसला. "अण्णा, हे सायकलचे पाने न्हाईत. ह्याला मायक्रोमीटर म्हणतेत. केसाची जाडी मोजतंय."

"कुणाच्या केसाची?" मी म्हणालो. "तुझ्या डोक्यावर तर मोजायला काई शिल्लक दिसंना."

"भांडू नका," सासरे म्हणाले. "जो सगळी हत्यारं ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवील, त्याचा पहिला पाट. कायमचा. पण मखमल जुनी हाय. घालून-काढून बघायचं न्हाई. नजरेनं ओळखायचं, एकदाच ठेवायचं."

पहिली पाळी फोरमनसाहेबांची. प्रत्येक हत्याराचं इंग्रजीत नाव घ्यायचं, पेटीत दाबायचं आणि झाकणावर हात ठेवून उभं राहायचं. हात काढला की झाकण वर! बिचाऱ्याचा दोष नव्हता. कारखान्यात हत्यार खिडकीतून नुसतं हातात मिळतं, पेटी राहते आत, स्टोअरवाल्याकडं. ह्यानं जन्मात पेटी बघितली नव्हती. मोठं हत्यार मोठ्या पेटीत, एवढाच त्याचा हिशेब.

"पावसाळी हवा हाय मामा, लाकूड फुगलंय."

"तू हात लावलास की तेवढंच फुगतंय व्हय?" सासऱ्यांनी सगळं परत बाहेर काढलं. "माझी पूजा होऊ दे. मग माणिकप्पा."

पेट्या पुसायला म्हणून सासूबाईंनी, चंद्रम्मांनी, मधल्या खोलीत नेल्या. हत्यारं ओसरीवरच घोंगडीवर राहिली आणि त्यांच्यापाशी काशप्पा राखणीला बसला, नागोबासारखा. मी जवळ गेलो की म्हणायचा, "अण्णा, लांबून!"

आता आली का पंचाईत? पेट्या आत, हत्यारं बाहेर, आणि अक्कल... ती कुठं होती कोण जाणे. मधल्या खोलीत जाऊन मी पेट्यांकडं बघत बसलो. प्रत्येक पेटीत लाल मखमलीत हत्याराच्या आकाराचा खड्डा. सगळे खड्डे मला सारखेच दिसायला लागले. शेजारी स्वयंपाकघर. तिथं धोंड्यांची मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली. मऊ, लुसलुशीत, कुठल्याही खड्ड्यात बसेल अशी.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

बायका न्हाणीकडं गेल्यासारख्या वाटल्या. मी कणकेचे गोळे उचलले आणि एकेका पेटीत दाबले. पहिला गोळा निघेचना. निघाला तो मखमलीचे लाल केस घेऊनच. मग पुढच्या पेट्यांत आधी कोरडं पीठ भुरभुरलं. प्रत्येक गोळ्यावर हत्याराचा आकार असा उठला की वा! पेट्या ज्या ओळीत, त्याच ओळीत गोळे ताटात मांडले, वरून फडकं टाकलं आणि ताट घेऊन ओसरीवर आलो.

"अण्णा, त्यात काय हाय?"

"नैवेद्य. शिवू नको. आंघोळ केलास का?"

काशप्पानं हात मागं घेतला. (त्यानं आंघोळ केली नव्हती हे मला ठाऊक होतं. बंब मीच अडवून ठेवला होता.) मी त्याच्यासमोर मांडी घातली, फडक्याचा कोपरा उचलून एक गोळा बघायचा, घोंगडीवरचं एक हत्यार बघायचं, डोळे मिटून पुटपुटायचं. तो बापडा समजला मी जप करायलोय.

सगळं पाठ झालं तेव्हा ताट आत नेलं. गोळे परत परातीत मिसळून टाकावेत म्हटलं तर परात जागेवर नाही! तेवढ्यात सासऱ्यांची हाक आली. ताट तसंच फळीवर सारलं आणि पळालो.

पेट्या मीच ओसरीवर आणल्या आणि त्याच ओळीत मांडल्या. सासरे, सासूबाई, महानंदा आणि तिची धाकटी बहीण, सगळे उभे. मी बाह्या सरसावल्या. पहिलं हत्यार उचललं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. टक्! दुसरं. टक्! काशप्पाचं तोंड प्रत्येक टक्‌ला एक बोट खाली.

"थांब," सासरे एका पेटीवर वाकले. "हे पांढरं काय हाय?"

"जुन्या मखमलीला बुरशी धरतेच की मामा," मी शांतपणे म्हणालो. (माझ्या पाठीवरून घाम कसा पळाला ते मलाच माहीत.)

शेवटचं झाकण लागलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढच्या पेटीवर पडलो असतो.

"काशप्पा, शिकलेलं वायलं, आन् नजर वायली! आजपासनं पहिला पाट माणिकप्पाचा!"

काय सांगू तुम्हाला तो थाट! पहिला पाट, भोवती रांगोळी, कपाळाला गंध. दुसऱ्या पाटावर, दाराच्या वाऱ्यात, फोरमनसाहेब टेरिलीनच्या शर्टात कुडकुडत. मी मुद्दाम विचारलं, "काशप्पा, वारा किती मायक्रोमीटर लागायलाय रे?" सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या.

वाढायला महानंदा आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही बघितला नव्हता. सगळ्यांच्या ताटात धोंडे पडले, गोल, गुळगुळीत. माझ्या ताटात मात्र तिनं एक वेगळा, जपून ठेवल्यासारखा धोंडा हलकेच ठेवला. बघतो तर काय, त्याच्या पाठीवर एका हत्याराचा आकार, अगदी स्क्रूच्या आट्यांसकट, वाफेवर छान फुगलेला. कडेला लाल मखमलीचे चार केस. आणि वास? मशीनच्या तेलाचा. तिनं वरून तुपाची धार धरली, नेहमीच्या दुप्पट.

जावयानं धोंडा पानात टाकायचा नसतो. सासरे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, काशप्पा नुसताच बघत होता. मी घास तोंडाशी नेला, परत खाली ठेवला आणि हळूच म्हणालो, "अगं, हा राहू दे. दुसरा वाढ की."

महानंदानं वाकून तुपाची आणखी एक धार सोडली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कामून? जिल्ह्यात तुमच्यावाणी पारखी न्हाई म्हणायलाव नव्हं? मग गुमान खावा, आन् खाऊन सांगा बघू, ह्यो कुठल्या पेटीतला!"