फलाट क्रमांक तीनवरची मेथी

आमच्या सोसायटीत एक बारसं होतं. उत्सवमूर्ती झोपली होती, त्यामुळे पाळणा लांबला होता. बायका ताटकळल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "कृपया इकडे लक्ष द्या. पाळण्याचा कार्यक्रम अंदाजे वीस मिनिटं उशिराने सुरू होईल. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." बाळ दचकून उठलं आणि पाळणा वेळेवर झाला.

हे वामनराव खैरनार. एस.टी.त कंट्रोलर होते. नाशिकच्या स्टँडवर कुठली गाडी कुठून सुटणार हे ओरडून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माइक खात्याने ठेवून घेतला. आवाज काढून घेण्याची तरतूद मात्र नियमात नव्हती.

ते मूळचे सटाण्याकडचे. "कसं काय?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "बठ्ठं टायमावर शे!" बठ्ठं म्हणजे सगळं. पाण्याचा टँकर, गॅसची गाडी, वरच्या मजल्यावरच्या जावयाचं आगमन, सगळ्याची घोषणा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून व्हायची. घरात ते एकटेच, त्यामुळे आवरणारं कोणी नव्हतं.

एकच गाडी त्यांना हलवता येत नव्हती. तळमजल्यावरचे साहेबराव बोरसे. हे एस.टी.चे ड्रायव्हर. साखरेपायी त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत बसून ते खिडकीतून समोरची भिंत बघत. वर्षभर घराबाहेर पडले नव्हते. खैरनार रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचे.

"साहेबराव, डॉक्टर म्हणतात उन्हात बस, हातांना काम दे."

"ज्या हातांनी सप्तशृंगीच्या घाटावर गाडी चढवली, त्या हातांनी आता काय मेथी निवडू व्हय?"

खैरनारांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की इमारतीमागे जिथे मोडक्या स्कूटर पडल्या आहेत तिथे सगळ्यांसाठी भाजीचा मळा करायचा. अट एकच: कोणाला वाकावं लागता कामा नये आणि पायरी चढावी लागता कामा नये. चेअरमन म्हणाले, "खैरनार, भाजी जमिनीत उगवते."

"आणि एस.टी. रस्त्यावर धावते, चेअरमनसाहेब. तरी माणसाला चढायला फलाट लागतो की नाही?"

तेवढ्यात चहा आला, म्हणून ठराव मंजूर झाला.

खैरनारांनी भंगारवाल्याकडून प्लास्टिकची पिंपं आणली, उभी चिरली, लोखंडी स्टँडवर आडवी ठेवली, माती भरली. खाली गुडघे जातील एवढी जागा. मधून सपाट शहाबादी फरशी, आणि तोंडाशी पायरीऐवजी सिमेंटचा उतार. प्रत्येक पिंपावर पाटी: येवला म्हणजे कांदे, सटाणा म्हणजे मिरच्या. कोथिंबिरीला त्यांनी त्र्यंबकेश्वर दिलं, कारण तिथे गर्दी कायम. फलाट क्रमांक तीन, पेठ, मेथी.

मग चाचणी. चाकाच्या खुर्चीत बसून मळ्याला फेरी मारल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नव्हता. चेअरमन पहिल्याच वळणावर मिरच्यांत गेले. मी कांद्यांपर्यंत पोचलो आणि तिथेच अडकलो. फरशी दोनदा उखडून पुन्हा बसवली. लोक म्हणत, "इतकं कोणासाठी?" खैरनार म्हणत, "शेवटची गाडी एका पॅसेंजरसाठी पण सोडावी लागते."

पॅसेंजर मात्र तयार नव्हता. शेवटी कंटाळून म्हणाला, "उद्घाटनाला येतो. एकदाच. नाय आवडलं तर परत नाव काढायचं नाय."

उद्घाटनाचं घोडं नगरसेवकांच्या तारखेवर अडलं होतं. चेअरमनांचं म्हणणं, उद्घाटनाआधी भाजी काढणं बरं दिसत नाही. मेथीला हा संकेत ठाऊक नसल्याने ती वाढत राहिली. अखेर तारीख मिळाली. मंडप आला, लाल गालिचा आला, कोनशिला आली. ती सगळ्यात मोठ्या वाफ्यापेक्षा मोठी होती आणि तिच्यावर मेथी सोडून सगळ्यांची नावं होती.

निवेदन अर्थातच खैरनारांकडे. आयुष्यात पुन्हा माइक मिळाल्याने ते फुलले होते. "माननीय नगरसेवक पाऊण तास उशिराने धावत आहेत," अशी घोषणा त्यांनी केली, तेव्हा चेअरमनांनी डोळे मिटून घेतले.

नगरसेवक आले. आरोग्य हीच संपत्ती, यावर बोलू लागले. तेवढ्यात कोपऱ्यावरून साहेबरावांची खुर्ची आली. ढकलायला मागे सून; साहेबरावांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, दाढी घोटलेली. खुर्ची मळ्याच्या तोंडाशी आली आणि थांबली.

मंडपवाल्याने स्टेज बरोबर उतारावर ठोकलं होतं. तिथून फोटो चांगला येतो, असं चेअरमन म्हणाले होते. आत जायचं तर तीन पायऱ्या चढून स्टेजवरून जायचं.

साहेबरावांनी पायऱ्यांकडे पाहिलं. सुनेला म्हणाले, "वळव."

खैरनारांनी ते पाहिलं. त्यांनी नगरसेवकांच्या समोरून माइक ओढला.

"कृपया इकडे लक्ष द्या! या फलाटावरील सर्वांनी ताबडतोब खाली उतरावे! गाडी लावायची आहे!"

आणि सगळे उतरले. त्या आवाजाला नाही म्हणायची सवय कोणालाच नाही. चेअरमन उतरले, गळ्यातला हार सावरत नगरसेवक उतरले, फोटोग्राफर तर पळाला. खैरनार स्वतः फळ्या उचकटू लागले. पण उतार मोकळा होईपर्यंत तळमजल्याचं दार आतून बंद झालं होतं.

त्या दिवसापासून खैरनार गप्प झाले. त्यांनी साहेबरावांच्या दारात जाणं सोडलं. मळ्यात पाणी घालायचे आणि वर जायचे. सुरुवातीला सोसायटीला बरं वाटलं. मग एकदा टँकर न सांगता आला आणि न सांगता गेला. लोक बादल्या घेऊन उभे राहिले.

एका सकाळी मी मळ्यात होतो. खैरनार झारीने मिरच्यांना पाणी घालत होते. मागून चाकांचा आवाज आला. साहेबराव, एकटेच, दोन्ही हातांनी चाकं रेटत उतार चढत होते.

"कंट्रोलर, मेला का रं तू?"

"जित्ता शे."

"मग आवाज कुठं गेला? खिडकीत बसून कान दुखले माझे. टँकर कधी, गॅस कधी, काय कळत नाय. जगावं कसं माणसानं?"

 खैरनारांनी झारी खाली ठेवली आणि नुसतं मेथीकडे बोट दाखवलं.

साहेबराव पिंपापाशी गेले. गुडघे बरोबर खाली बसले. मग त्यांनी गिअर टाकावा तशी मेथी मुळासकट उपटायला सुरुवात केली. आमच्याकडे ती खुडतात, म्हणजे पुन्हा फुटते. अर्धा फलाट ओसाड झाला तरी खैरनारांनी अडवलं नाही. ते स्टूल ओढून शेजारी बसले आणि जुडीची माती झटकत राहिले.

परत जाताना साहेबरावांची खुर्ची मी ढकलली. मांडीवर मेथीचा ढीग होता.

"सर," ते म्हणाले, "वहिनी गेल्या तेव्हापासून त्याच्या घरात बोलायला कोण हाय? म्हणून तो गावाला ओरडून सांगतो. माझ्या दारात यायचा, तेवढंच सरळ बोलायचा. मी येडा, दार लावून बसलो."

"मग आता रोज येणार?"

"यावंच लागंल. उद्या सातला मला घ्यायला या, उताराला दम लागतो." दाराशी आल्यावर त्यांनी सगळी मेथी माझ्या हातात कोंबली. "ही तुमी न्या. आमच्याकडं कडू कुनी खात नाय. त्याला मात्र सांगा, साहेबरावानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

मी रोज सांगत गेलो. त्या हिवाळ्यात आमच्या घरी मेथीशिवाय दुसरी भाजी झाली नाही.