बॅटरी वाढली

“पोरगी बोलत नाही, हे फार बरं झालं. त्या नव्या दिव्यासारखी आहे. जागेवर लावली, की झालं.”

एका जंगलात, मुलांनो, एक सासू पडद्याआड असं म्हणाली. पडदा केळीच्या पानाचा होता. पलीकडे तिची नवी सून भांडी घासत होती. केळीच्या पानातून सगळं ऐकू येतं, हे सासवांना ठाऊक नसतं. सुनांना असतं.

सासू अस्वलीण होती. नाव मधुमाई. सासरे भालोजीराव. सुनेचं नाव जांभळी, आणि तिच्या नवऱ्याचं करवंद. करवंदबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तो आईच्याही मताचा होता आणि वडिलांच्याही.

यांचं घर चाकांवर होतं. मध जिकडे, घर तिकडे. दगडू नावाचा गवा ते ओढायचा. गवा आणि घर यांच्यामध्ये एक लोखंडी कडी.

आता तुम्ही हुशार मुलं विचाराल, कडी तुटली तर? त्याचीही सोय होती. घरात ओट्याखाली एक बॅटरी होती. कडी तुटली की बॅटरीनं घराच्या चाकांना आपोआप ब्रेक लावायचा आणि पाव तास धरून ठेवायचा. तेवढ्यात सगळ्यांनी उतरून घ्यायचं.

पण बॅटरी जिवंत आहे, हे कसं कळणार? म्हणून राजानं नियम काढला. घर दोन हत्तीपिल्लांहून जड असेल, तर ओढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवा हवा. बॅटरी ठीक असेल तर हिरवा. मेली असेल तर लाल. दिवा नसेल तर दंड.

हा नियम ओढ्याच्या अलीकडेच होता. पलीकडच्या जंगलात नव्हता. ओढा ओलांडला की सगळी जड घरं आपोआप सुरक्षित होत.

भालोजीराव दुकानात गेले. दुकान माकडाचं.

“दिवा केवढ्याला?”

“मधाची आठ पोळी.”

“आठ! आणि नवी बॅटरी?”

“तीन. जुनी किती वर्षांची आहे, काका?”

“करवंदच्या बारशाची.”

“मग बदलाच.”

“बॅटरी बदला, असं नियमात लिहिलंय?”

“नियमात दिवा लिहिलाय.”

“मग दिवाच दे. उगाच गिऱ्हाईक कापू नकोस.”

दिवा दगडूच्या शिंगाला बांधला. मधुमाईंनी त्याची पूजा केली. कुंकू लावताना हात जरा सढळ पडला आणि सगळी काच माखली. आता पूजेचं कुंकू पुसणार कोण? तेव्हापासून दिवा लालच दिसू लागला. दगडूला पहिले दोन दिवस धडधडलं. मग सवय झाली.

जांभळी बोलत नसे, त्याला कारण होतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, “मध संपला.”

“अगं, संपला म्हणू नये!” मधुमाईंनी कपाळाला हात लावला होता. “आपल्याकडे वाढला म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढतो. माहेरी शिकवलं नाही का काही?”

जांभळीनं मान डोलावली आणि ते लक्षात ठेवलं.

एक दिवस ओट्याखाली झाडताना तिला बॅटरीशेजारी एक बटण दिसलं. वर ‘तपासणी’ लिहिलेलं. दाबलं की चाकं करकचून धरली जायला हवीत. तिनं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बॅटरीनं साधी कुरकुरही केली नाही.

जांभळी पदर सावरून सासऱ्यांसमोर उभी राहिली.

“मामंजी, बॅटरी वाढली.”

“वाढली?” भालोजीरावांचा चेहरा उजळला. “अगं, ऐकलंस का? सून घरात आली आणि बॅटरी वाढली! याला म्हणतात पायगुण!”

“तसं नाही, मामंजी. आपल्याकडे वाढते ना, तशी...”

“हो तर! आपल्याकडे वाढतेच!”

मधुमाईंची नजर क्षणभर ओट्याकडे गेली. पण शेजारची अस्वलीण दारात उभी होती, आणि सुनेच्या पायगुणाचं कौतुक म्हणजे सून निवडणारीचंही कौतुक. त्यांनी शेजारणीसाठी पाट मांडला.

बॅटरी वाढली म्हटल्यावर भालोजीरावांनी घरात मधाचे आणखी सहा रांजण चढवले.

पुढचा मुक्काम घाटापलीकडे होता. घाटाच्या तोंडाशी नाका होता. तिथे तरससाहेब बसत. ते कायम हसत, त्यामुळे पास की नापास ते कळत नसे.

“दिवा आहे?”

“आहे.”

“पेटतो?”

“पेटतो की! चांगला लालभडक.”

“रंगाचा रकाना माझ्या कागदात नाही,” तरससाहेब हसत म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

घाट सुरू झाला. एका अंगाला दरी. चढावर रांजण मागे सरकले. जांभळी पुढच्या खिडकीत बसली होती. कडीचं तोंड उघडताना तिला दिसलं. आधी नखाएवढं. मग बोटाएवढं.

“सासूबाई, कडी वाढतेय.”

“कडीसुद्धा?” करवंद कौतुकानं म्हणाला.

मधुमाई मात्र ताडकन उठून बसल्या. त्यांना सगळं कळलं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. इतकी वर्षं त्यांनी तो शब्द घरात शिरूच दिला नव्हता.

मग जांभळी ओरडली, “दगडूदादा, थांबा! कडी तुटतेय! बॅटरी मेलीय! उतरा सगळे!”

इतके अशुभ शब्द त्या घरात एकदम कधीच कुणी बोललं नव्हतं. दगडू जागच्या जागी थिजला. सगळे धडाधड खाली उतरले.

“चाकांना दगड लावा!” जांभळी म्हणाली.

“दगड?” भालोजीराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “नियमात दगड कुठाय?”

जांभळीनं एका चाकाला दगड लावला. दुसऱ्या चाकाचा दगड करवंदच्या हातात होता. तो बायकोकडे बघत होता, आणि वडिलांकडेही.

कडी तुटली. घर त्या एका दगडाभोवती सावकाश वळलं आणि रांजणांसकट दरीत गेलं.

दिव्याला ओरखडासुद्धा आला नाही.

तरससाहेब हसत हसत धावत आले. त्यांनी जागेवरच अहवाल लिहिला. दिवा उत्तम स्थितीत. यापुढे दिव्यावर लक्ष ठेवायला दुसरा दिवा सक्तीचा. किंमत सोळा पोळी.

“तू तुटतेय म्हणालीस, म्हणून तुटली,” भालोजीराव सुनेवर डाफरले. “तोवर चांगली वाढत होती!”

मधुमाई दरीच्या काठाशी गेल्या. खाली नुसती धूळ. त्यांना आता लांबचं नीट दिसत नसे.

“जांभळे,” त्यांनी हळूच विचारलं, “घर दिसतंय का गं?”

जांभळीनं खाली पाहिलं. पदर सावरला. आवाज मऊ केला. आणि शिकवलं होतं तसं, अगदी शुभ बोलली.

“सासूबाई, घर वाढलं.”

तात्पर्य : तपासणीचं बटण दाबू नये. दिवा महागातला घ्यावा, त्याला भरपूर कुंकू लावावं आणि सून मुकी बघून आणावी. घर गेलं तरी चालतं, मुलांनो. ‘गेलं’ असं कुणी म्हणता कामा नये.